झाकणातली शेवई आणि आगोटीची सुकट : कोकणातल्या कोरियन खाण्यामागची गोष्ट

रत्नागिरीत मारुती मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर एक कॅफे आहे. चार टेबलं, छताला कागदी कंदील आणि काचेच्या कपाटात लाल-काळ्या पाकिटांची रांग. पाकीट आपण निवडायचं. आतला पोरगा ते उकळतो, वर अंडं फोडतो आणि पिवळ्या रंगाच्या उथळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून तसंच टेबलावर आणून ठेवतो. मी ताटली मागायला हात वर केला, तर माझ्या दहावीतल्या पुतणीने तो खाली ओढला. "काका, ताटली कसली मागतोस? झाकणात घेऊन खायचं असतं." खरोखरच कोरियात तसं खातात. झाकण उलटं धरायचं, त्यात शेवया काढायच्या, निवल्या की ओढायच्या.

सोबत एका वाटीत किमची होती. कोबी, व्हिनेगर, लाल तिखट. सकाळी कालवलेली कोशिंबीर म्हटलं तरी चाललं असतं. मी सहज विचारलं, यात मासा नाही घालत? पोरगा अभिमानाने म्हणाला, "नाही काका, एकदम प्युअर व्हेज."

गावातच मिरकरवाडा बंदर, गल्लीगल्लीत सुकटीचा वास, आणि मासळीवर पोसलेल्या जगातल्या मोजक्या लोणच्यांपैकी एक आपल्याकडे येतं ते मासा काढून. हे असं का झालं, याचा माग काढायचा तर कोरियन जेवण आपल्या किनाऱ्यावर कुठल्या वाटांनी आलं ते बघावं लागतं.

पहिली वाट कारखान्यांची. भारतात कोरियन जेवणाची हॉटेलं निघाली ती आपल्यासाठी नव्हेच. १९९०च्या दशकात दिल्लीच्या आसपास सॅमसंग आणि एलजी आल्या, १९९६ साली चेन्नईजवळ ह्युंदाई आली. त्यांच्यामागून इंजिनियर आले, सुटे भाग बनवणाऱ्या लहान कंपन्या आल्या. या माणसांना संध्याकाळी आपल्या भाषेत बोलत, आपलं जेवण जेवायचं होतं. म्हणून कारखान्यांच्या आगेमागे गेस्ट हाउसं आणि खानावळी उघडल्या. पाटी कोरियन लिपीत, मेनू कोरियन लिपीत, गिऱ्हाईक ओळखीचं. पुण्याकडे रांजणगावला एलजीचा कारखाना झाला, २०२३ साली तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. पुण्यातली जुनी कोरियन हॉटेलं याच पायावर उभी आहेत.

कोकण या नकाशाबाहेर आहे असं वाटत असेल, तर ताम्हिणी घाट उतरून बघा. घाट संपला की माणगाव तालुक्यात विळे-भागाडची एमआयडीसी लागते. तिथे पोस्को या कोरियन कंपनीचा पोलादी पत्र्याचा कारखाना आहे. २०१२ साली तिथे जस्ताचा मुलामा देण्याचं काम सुरू झालं, पुढे वर्षाला १८ लाख टन पत्रा लाटणारी गिरणीही उभी राहिली. याच कंपनीचा ओडिशातला मोठा प्रकल्प जमिनीच्या आंदोलनात बारा वर्षं अडकून शेवटी गुंडाळला गेला. रायगडातला चालू झाला. तरी या वाटेने आलेलं जेवण माणगावच्या बाजारपेठेत फारसं मिसळलं नाही. कंपनीच्या कोरियनांसाठी केलेलं जेवण हे मुळातच कुंपणाच्या आतलं जेवण असतं.

या जातीच्या खऱ्या हॉटेलात बसलात, तर पहिल्यांदा समोर येतात त्या वाट्या. पाच, सात, कधी दहा. किमची, मोड आलेल्या कडधान्याची कोशिंबीर, परतलेली पालेभाजी, गोडसर बटाटा, आणि बऱ्याचदा बोटाच्या पेराएवढे सुके मासे, साखर-सोयासॉसमध्ये परतून कुरकुरीत केलेले. याला बांचान म्हणतात. याचे पैसे वेगळे लागत नाहीत आणि वाटी संपली की पुन्हा भरून येते. आपल्या पानाची डावी बाजू म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचं. कोरियन जेवणात ही डावी बाजूच जवळजवळ अख्खं टेबल व्यापते. मग मधल्या शेगडीवर मांस भाजलं जातं आणि कात्रीने कापलं जातं. कात्री बघून आपल्याकडची मंडळी हमखास दचकतात. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाचं मांसही बंद झालं, त्यामुळे बुलगोगी, म्हणजे मुरवून भाजलेलं मूळचं गोमांस, इथे बहुधा चिकनची मिळते. डुकराच्या मांसाचं म्हणाल तर गोव्यात कुणाला त्याचं अप्रूप नाही. रत्नागिरी-चिपळूणच्या हॉटेलवाल्याला मात्र ते मेनूवर लिहायचं धाडस होत नाही.

दुसरी वाट मोबाइलची, आणि आमच्या मारुती मंदिरचा कॅफे या वाटेने आला. ईशान्य भारतात ही लाट आपल्या कितीतरी आधी पोचली. २०००च्या सुमारास मणिपुरात बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली, आणि रिकाम्या झालेल्या पडद्यावर कोरियन वाहिनी शिरली. उरलेल्या देशात तिला वाट करून दिली २०२०च्या टाळेबंदीने. घरात अडकलेली मुलं मालिका बघत बसली. त्या मालिकांत माणसं सतत काहीतरी खात असतात. रात्री अकराला, भांडण झाल्यावर, पावसात भिजल्यावर, प्रेमभंगानंतर. आणि जे खातात ते महागडं नसतं. पाकिटातलं राम्यॉन, टपरीवरची तॉकबोक्की, तळलेलं चिकन. म्हणजे आपल्या मुलांनी आधी खाणं डोळ्यांनी पाहून पाठ केलं आणि मग त्या चवीचं दुकान शोधलं. हॉटेल आधी आणि गिऱ्हाईक मागून, असा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला.

यातलं राम्यॉन म्हणजे मुळात गरिबीचं पोर. कोरियन युद्ध १९५३ साली थांबलं तेव्हा देश भुकेला होता. भात पुरत नव्हता आणि अमेरिकेकडून मदतीचा गहू येत होता, तोच पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखालचा, ज्याने आपली रेशनची दुकानं साठच्या दशकात भरली होती. भात खाणाऱ्या लोकांना गहू कसा खायला लावायचा, हा तिथल्या सरकारपुढचा प्रश्न होता. शाळेत मुलांचे डबे तपासून भातात दुसरं धान्य मिसळलंय की नाही हे बघायचे. १९६३ साली सामयांग कंपनीने जपानी यंत्रं आणि कृती आणून पाकीटबंद शेवया काढल्या, आणि पिठाला गिऱ्हाईक मिळालं. कोकणातल्या भातखाऊ घरांनाही रेशनचा गहू असाच नाइलाजाने शिकावा लागला होता. आपण त्याच्या पोळ्या केल्या, त्यांनी शेवया केल्या, एवढाच फरक. त्याच सामयांगने २०१२ साली बुलडाक नावाची जाळ तिखट शेवई काढली. पोरं ती खाताना रडण्याचे व्हिडिओ करू लागली आणि पाकीट जगभर गेलं. २०२४ साली डेन्मार्कने त्यातले काही प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावले. आमच्या पुतणीने ते पाकीट दोनदा संपवलंय. तिच्या आजीने एक घास घेतला आणि "तिखट आहे, पण साखर कशाला घातलीय?" एवढंच विचारलं.

लाल तॉकबोक्कीही त्याच युद्धाची. तॉक म्हणजे तांदळाच्या पिठीची उकड मळून केलेल्या जाड कांड्या. आधी त्या सोयासॉसमध्ये परतून खात, श्रीमंती थाटाने. मिरचीच्या पेस्टमध्ये, म्हणजे गोचुजांगमध्ये, शिजवून त्या रस्त्यावर विकायची चाल १९५३ साली सोलच्या सिंदांग-दोंग भागात मा बोक-रिम नावाच्या बाईंनी पाडली असं तिथे मानतात. उकडीचं हे नातं आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. कोरियन लोक चुसॉकच्या सणाला तांदळाच्या उकडीच्या पारीत तीळ-मध किंवा कडधान्याचं सारण भरून, अर्धचंद्राकार मिटून, पाइनच्या पानांच्या थरावर वाफवतात. नाव सोंगप्यॉन. आपण हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतो. पानाचा वास पिठाला लागावा ही हौस दोन्हीकडे सारखीच. चुसॉक येतो भाद्रपदाच्या पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपले मोदक पचतात न पचतात तोच.

तिसरी वाट उलट दिशेची आहे, आणि ती रत्नागिरीतूनच निघते. तॉकबोक्कीत कांड्यांबरोबर तपकिरी रंगाच्या चपट्या घड्याही असतात. त्यांना ऑमुक म्हणतात. माशाच्या लगद्याची ही वडी जपानी राजवटीत, १९१०नंतर, कोरियात रुजली आणि बुसान बंदरात तिचा मोठा धंदा झाला. ती बनते सुरिमीपासून, म्हणजे मासा सोलून, काटे काढून, पुन्हा पुन्हा धुऊन गोठवलेल्या पांढऱ्या लगद्यापासून. सुरिमीला लागणारा एक मुख्य मासा आपला राणी. मिरकरवाड्याला राणीच्या पाट्या उतरतात त्यातल्या थोड्या बाजारात जातात, बाकीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत. रत्नागिरीत १९९०च्या दशकापासून सुरिमी बनते आणि निर्यात होते. भारतीय सुरिमीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत जपान, थायलंड यांच्याबरोबर दक्षिण कोरियाही आहे. तेव्हा सोलच्या टपरीवरच्या ऑमुकमध्ये अरबी समुद्रातली राणी असणं अजिबात अशक्य नाही. आमचा मासा तिकडे तीस वर्षांपासून जातोय. त्यांचं जेवण आमच्याकडे आलं ते मात्र माशाशिवाय. कॅफेच्या तॉकबोक्कीत ऑमुकच्या जागी पनीरचे तुकडे होते.

मधे एक जुनी चुकामूक सांगायला हवी. १९५३ साली, युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला भारताने आपलं सैन्य कोरियात पाठवलं. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके नाराज होते की भारतीय सैनिकांनी आमच्या भूमीवर पाऊल ठेवायचं नाही, असा त्यांनी हट्ट धरला. शेवटी जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. हजारो भारतीय कोरियात काही महिने राहिले आणि कोरियन खानावळीची पायरी चढायची त्यांना सोय नव्हती.

आता मिरची. लोक म्हणतात, कोरियन जेवण आपल्याला आवडतं कारण तिखट. पण हे तिखट ना त्यांचं मूळचं, ना आपलं. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी मिरची आणली. १५१०मध्ये गोवा घेतल्यावर चौल, वसई अशी ठाणी करत ते या किनाऱ्यावर पसरले, तशी मिरचीही पसरली. पूर्वेला ती जपानपर्यंत गेली आणि तिथून, १५९२ला सुरू झालेल्या जपानी स्वारीच्या आगेमागे, कोरियात उतरली असं बहुतेक जण मानतात. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात तिचं नाव 'जपानी मोहरी' अशा अर्थाचं आहे. शिवाय तक्रारही आहे, की दारूच्या गुत्त्यांत ही सोजू नावाच्या दारूत घालून विकतात आणि पिणारे बरेचसे मरतात. बाहेर खाण्यातल्या तिखटाबद्दलची ही बहुधा तिथली सगळ्यात जुनी कुरकूर. किमचीत मिरची पडायला अठरावं शतक उजाडलं. त्याआधी ती खारवलेली पांढरी भाजीच होती. आजही त्यांच्या गोचुगारूचा, म्हणजे मिरचीच्या भरडीचा, रंग मोठा आणि जाळ कमी, आपल्या बेडगीसारखा. घरी किमची घालणारी इकडची मंडळी बेडगीची भरडच वापरतात ते म्हणूनच.

आणि मग आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मे महिन्यात आमच्याकडे जी धांदल असते ती कोरियात नोव्हेंबरमध्ये असते. तिकडे थंडीत जमीन गोठते, भाजी उगवत नाही. इकडे पावसाळ्यात दर्या उसळतो आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. म्हणून आम्ही मसाला कुटून ठेवतो, सुकट, जवळा, बोंबील, सोडे डब्यांत भरतो. ते शेजारीपाजारी मिळून शेकडो कोबीचे गड्डे खारवतात, मिरची, लसूण, आलं आणि खारवून आंबवलेली बारीक कोळंबी चोपडून मडक्यांत भरतात. या सामुदायिक कामाला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ते वारशाच्या यादीत घेतलं. आगोटीला अशी यादी कुणी दाखवलेली नाही, पण दोन बायकांना एकमेकींची भाषा न येता एकमेकींचं काम कळेल, इतकं ते सारखं आहे. ती कोळंबी किमचीत नुसत्या चवीला नसते. तिच्यामुळे आंबण्याला जोर येतो आणि नुसत्या मीठ-मिरचीने न येणारी खोली येते.

आपल्याकडे मात्र हवा आडवी येते. मेमधल्या दमट उकाड्यात किमची बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी फसफसते. कोरियातही लोक मोठ्या इमारतींत राहायला गेले, मडकी पुरायला अंगण उरलं नाही, तेव्हा खास किमचीचे फ्रीज निघाले, आणि १९९५नंतर ते घरोघरी पोचले. लहान कॅफेवाल्याला ते कुठून परवडणार? त्यापेक्षा व्हिनेगर सोपं. ना वास, ना फुगवटा, शाकाहारी टेबलालाही चालतं. त्या पोराला मी दोष देत नाही. मासे खाणाऱ्या गावातसुद्धा हॉटेलवाला हिशेब करतो तो टेबलावरच्या सगळ्यात कमी खाणाऱ्या माणसाचा.

यंदा आगोटीच्या खरेदीत आम्ही सुकट नेहमीपेक्षा एक किलो जास्त घेतली. पुतणीने त्यातली मूठभर भाजून, पूड करून घरच्या कोबीच्या किमचीत घातली. साधाच कोबी, बेडगीची भरड, आलं-लसूण. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीचं झाकण टक्कन वाजलं आणि ओट्यावर लाल पाणी आलं. आजीने बरणी फ्रीजमध्ये ढकलली, झाकण सैल केलं आणि रात्री तांदळाच्या पेजेबरोबर दोन फोडी वाढून घेतल्या. साखर नव्हती, त्यामुळे काही बोलली नाही.