टेडीच्या आधीचा हत्ती

टेडी बेअरची गोष्ट सहसा अमेरिकेतून सुरू होते. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं आणि पुढे ‘टेडी’ हे नाव चिकटलं. नाव तिकडचं, हे खरंच. पण त्याच वर्षी जर्मनीतल्या गिंगेन या लहानशा गावातही हातपाय हलवणारं एक अस्वल आकार घेत होतं. त्या कारखान्याच्या मालकीणबाईंना तेव्हा खेळण्यांच्या धंद्यात वीसेक वर्षं झाली होती आणि त्यांची सुरुवात झाली होती हत्तीपासून.

मार्गारेट श्टाइफ यांचा जन्म २४ जुलै १८४७चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हात अधू झाला. बरेच उपचार झाले, गुण आला नाही. शाळेत जायचं तर कुणीतरी हातगाडीत बसवून ओढत न्यायचं. तरी त्या शिवण शिकल्या. शिलाई मशीनचं हातचाक उजवीकडे असतं. मार्गारेटनी मशीनच उलटं फिरवून घेतलं आणि डाव्या हातानं चाक चालवलं. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

गावातच नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा कारखाना होता आणि तो नात्यातल्याच माणसांचा. त्यामुळे माल हाताशी. १८७७ मध्ये त्यांनी नमद्याच्या कपड्यांचं दुकान काढलं. परकर चांगले खपत. मग एका फॅशन मासिकात छोट्या हत्तीचा नमुना त्यांच्या पाहण्यात आला. १८८० च्या सुमारास त्यावरून त्यांनी टाचण्या खोचायची उशी शिवली. ओळखीपाळखीत अशा उश्या भेट म्हणून दिल्या, तर पोरांनी त्या पळवून खेळायलाच घेतल्या. १८८६ साली पाच हजारांहून जास्त हत्ती विकले गेले. माकडं, गाढवं, घोडे, उंट मागाहून आले.

अस्वल मात्र त्यांच्या पुतण्याचं, रिशार्डचं. ‘५५ पीबी’ म्हणजे ५५ सेंटिमीटर, प्लश कापड, हलणारे सांधे. त्याच्याविषयी मार्गारेट सुरुवातीला साशंक होत्या. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं तीन हजार नगांची ऑर्डर दिली, असं कंपनीचा इतिहास सांगतो. गंमत म्हणजे त्या पहिल्या घडणीतलं एकही अस्वल आज सापडत नाही. १९०७ साली मात्र कारखान्यातून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली. आत ४०० कामगार आणि घरी बसून शिवणारे १,८०० जण. त्याआधीच, १९०३ मध्ये, लोखंड आणि काचेची नवी इमारत उभी राहिली होती. आत मुली दिवसभर उजेडात शिवताना दिसत, म्हणून गावानं तिला नाव ठेवलं ‘कुमारिकांचं मत्स्यालय’.

खप वाढला तशा नकलाही वाढल्या. तेव्हा दुसरा पुतण्या फ्रान्झ यानं तोड काढली: प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण. मार्गारेट ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियानं गेल्या, बटण आजही चालू आहे. पण १९०४ च्या सुमारास अस्वलांच्या कानांत जी पहिली बटणं बसली, त्यांच्यावर अस्वल नव्हतं. सोंड वर केलेला हत्ती होता.