सोयाबीनचं मदर कल्चर ‘मेलेलं’ निघालं? आधी हे वाचा

सोयाबीनचं जिवाणू खत बनवायला लागणारं मूळ जिवाणू-बियाणं, म्हणजे मदर कल्चर, आम्ही स्लँटमध्ये (तिरक्या मिडियमच्या नळीत) पाठवतो. मे उजाडला की आमच्याकडे ठरलेले फोन येतात. “स्लँट मेलेली आली, अठ्ठेचाळीस तास झाले, प्लेट कोरीच.” ती स्लँट परत मागवून आम्ही आमच्या मिडियमवर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) लावतो, तर सहाव्या-सातव्या दिवशी कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) हजर. ऐन पेरणीच्या तोंडावर तुमचे दहा दिवस वाया जातात, म्हणून हे पत्रक.

मिडियममध्ये काय घातलं, असं विचारलं की बहुधा उत्तर येतं : मॅनिटॉल (मिडियममधलं जिवाणूंचं नेहमीचं खाद्य) महाग पडतं, साखर घातली, हरभऱ्याच्या कल्चरला चालते की! हरभऱ्याच्या रायझोबियमला (मुळांच्या गाठींतल्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूला) ती चालते, हे खरंच. पण सोयाबीनचं ब्रॅडीरायझोबियम मुळातच सावकाश वाढणारं, आणि साखर त्याला सहसा वापरताच येत नाही. जी थोडी वाढ होते ती यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर. ते पाहून काही जण यीस्ट एक्स्ट्रॅक्टच चौपट करतात. लिटरला साडेतीन ग्रॅमच्या पुढे गेलात की पेशी बिघडायला लागतात. स्टेन करून (रंगवून) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, सुबक दांड्यांऐवजी फुगलेल्या, वेड्यावाकड्या पेशी दिसतील. खताच्या पाकिटात ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी भरायच्या, त्या अशा ब्रॉथमधून (पातळ मिडियममधून) कशा मिळणार?

आम्ही लिटरला मॅनिटॉल 10 ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 1 ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट 0.5, मॅग्नेशियम सल्फेट 0.2 आणि मीठ 0.1 ग्रॅम घेतो. सामू 6.8 ते 7. प्लेटसाठी, मिडियम घट्ट व्हायला, अगार 15 ते 20 ग्रॅम. इन्क्युबेटर 28 ते 30 अंशांवर हवा. बऱ्याच ठिकाणी तो 37 वरच लावलेला असतो, तेवढं तपासा.

दुसऱ्याच दिवशी प्लेट भरून आली तर मात्र खरी काळजी करा. ती वाढ सोयाबीनच्या कल्चरची नव्हे. एका प्लेटमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्लता दाखवणारा रंग) घाला : आपलं कल्चर मिडियम हळूहळू निळं करतं, झटपट पिवळं पडलं तर भेसळ आहे. काँगो रेडची (हा लाल रंग घातलेली) प्लेट अंधारात ठेवा, नाहीतर चांगल्या कॉलन्याही रंग धरतात आणि विनाकारण घाबरायला होतं.

ऑर्डरनंतर आम्ही आठ-दहा दिवस घेतो, अशी तक्रार असते. प्रत्येक बॅच सात दिवस वाढवून, या दोन्ही प्लेटवर पाहूनच आम्ही पाठवतो. तिसऱ्या दिवशी स्लँट हातात देणं आम्हाला पटत नाही.

वजन-मापाचा त्रास नको असेल तर याच प्रमाणाची तयार पावडर आमच्याकडे मिळते. मोठ्या फर्मेंटरला (कल्चर वाढवायच्या टाकीला) मॅनिटॉल परवडत नसेल तर ग्लिसरॉलवर हे कल्चर चांगलं वाढतं. प्रमाण फोनवर सांगू, त्याचे पैसे नाहीत.

स्लँट परत पाठवण्याआधी सातव्या दिवशीच्या प्लेटचा फोटो आणि मिडियमचं प्रमाण कळवा. मॅनिटॉलवर, 30 अंशांवर, सात दिवसांनीही काही आलं नसेल तर नवी स्लँट आमच्या खर्चाने येईल.