हाताचा कल आणि बालकाचा मेंदू

रोजच्या कामांत एकाच हाताला सातत्याने मिळणारी पसंती म्हणजे हाताचा कल. जगभरात दहांपैकी साधारण एक माणूस डावखुरा असतो. कोल्हापूरच्या बोलीत तो ‘डावरा’. मूल डावरे की उजवे, याची घरात जेवढी चर्चा होते तेवढी त्या प्रश्नाची किंमत नाही. कल कोणत्या वयात दिसू लागला, हे त्याहून महत्त्वाचे असते.

मेंदूच्या डाव्या गोलार्धातून निघणारे बहुतेक हालचालीचे तंतू लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाच्या, तळाशी बाजू बदलतात आणि उजव्या हाताकडे जातात. उजव्या गोलार्धातले डाव्या हाताकडे. मात्र कलाची सुरुवात ही वाट तयार होण्याआधीच होते. गर्भाच्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत एका हाताची हालचाल जास्त दिसते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारे तंतू तेव्हा जागेवर पोचलेलेही नसतात. मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांच्या गटाने गर्भात अंगठा चोखताना दिसलेली ७५ मुले पुढे १० ते १२ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली (२००५). उजवा अंगठा चोखणारी सगळी ६० मुले उजवीच निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावरी झाली आणि ५ उजवी. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण चौथा हिस्सा येतो. त्यामागे एखादे जनुक नसून अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार आहे. त्यामुळे आईवडील दोघेही उजवे असताना मूल डावरे होणे यात नवल नाही.

जन्मानंतर पहिले काही महिने मुठी मिटलेल्या असतात आणि तळव्याला बोट लावले की बाळ ते आपोआप पकडते. ही प्रतिक्षिप्त पकड चार ते सहा महिन्यांत ओसरते. सहाव्या महिन्याच्या आसपास खुळखुळा या हातातून त्या हातात जाऊ लागतो, नऊ-दहा महिन्यांत अंगठा व तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू येते. या काळात कधी हा हात पुढे, कधी तो, असे चालणेच निरोगीपणाचे लक्षण. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा पुढे कित्येक वर्षे पक्का होत राहतो. स्पष्ट कल दुसऱ्या वर्षानंतर दिसू लागतो आणि बहुतेकांत चार ते सहा वर्षांदरम्यान स्थिरावतो.

म्हणून पहिल्या वाढदिवसाआधी बाळ ठामपणे एकच हात वापरत असेल तर ‘आजोबांवर गेलाय, डावराच होणार’ म्हणून हसून सोडून देऊ नये. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तर विरुद्ध बाजूचा हात दुबळा राहतो. असा आघात डाव्या गोलार्धात अधिक वेळा होतो, त्यामुळे उजवा हात मागे पडतो आणि बाळ डावरे भासते. प्रसूतीत खांद्याजवळच्या नसा ताणल्या गेल्या तरीही एक हात लोंबता राहतो. एकच मूठ सतत मिटलेली, अंगठा तळव्यात दबलेला, झबल्याच्या बाहीत एक हात घालताना ताठ लागणे, रांगताना एक बाजू ओढणे: यातले काहीही दिसले तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, त्यासाठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतही तपासणी करतात. निदान झाल्यावर चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताला खेळवण्याचे उपचार असतात. लहान बाळांसाठीच्या एका पद्धतीत ते दिवसाला ३० मिनिटे, आठवड्यातून ६ दिवस, सहा-सहा आठवड्यांच्या दोन टप्प्यांत चालतात. चांगला हात दिवसभर बांधून ठेवणे हा त्या उपचाराचा भाग नव्हे.

कल ओळखताना सर्वांत फसवी खूण म्हणजे जेवणाचा हात. भाकरी मोडणे, तीर्थप्रसाद घेणे, पैसे देणे या गोष्टी आपल्याकडे उजव्या हाताने करायच्या म्हणून शिकवल्या जातात. त्यांतून मेंदूपेक्षा घरची शिस्तच दिसते. कुणी न शिकवलेली कामे पाहावीत: भडंगातला कढीपत्ता निवडून बाजूला काढणे, मणी ओवणे, बरणीचे झाकण फिरवणे, चेंडू फेकणे, झाडूने कोपरा झाडणे. वस्तू मुलाच्या छातीसमोर बरोबर मधे ठेवावी. तीन-चार वर्षांपर्यंतची बरीच मुले वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूचाच हात पुढे करतात, दुसरा हात मध्यरेषा ओलांडून नेत नाहीत. समोरासमोर बसलेला उजवा माणूस वस्तू पुढे करतो तेव्हा ती नेमकी मुलाच्या डाव्या हाताशी येते, आणि घरात उगाच डावरेपणाचा साक्षात्कार होतो. वेगवेगळ्या दिवशी सात-आठ कामे पाहूनच मत बनवावे. फेकायला एक आणि लिहायला दुसरा हात असणेही वावगे नाही.

डाव्या मुलाची खरी कसोटी पाटीवर लागते. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावरून फिरतो आणि ते पुसतो. शिरोरेषा तर आणखी अडते: उजवे मूल पेन्सिल ओढत नेते, डाव्याला ती ढकलावी लागते, आणि ढकललेली पेन्सिल अडखळत उड्या मारते. त्याला शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढू द्यावी. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तिरकी करावी, म्हणजे तिचा वरचा डावा कोपरा उंच जातो. पेन्सिल टोकापासून साधारण तीन सेंटिमीटरवर धरली की अक्षर दिसते आणि मनगट हुकासारखे वळवावे लागत नाही. बाकावर जागा डाव्या टोकाची, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर झटापट. ३ चा ६ होणे किंवा अक्षर आरशातल्यासारखे उलटणे हे साधारण सात वर्षांपर्यंत उजव्या मुलांतही होते. त्याचे खापर डाव्या हातावर फोडू नये.

भाषेची केंद्रे बहुतेक डावऱ्यांतही डाव्या गोलार्धातच असतात. ठळक डावऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात ती उजवीकडे आढळतात. ‘डावरा म्हणजे कलावंत मेंदू’ ही समजूत आणि दोन्ही हातांनी लिहायला लावून बुद्धी दुप्पट करणारे वर्ग, दोन्हीला आधार नाही.

हात बदलायला लावू नये. लहानपणी सक्तीने उजवे केलेल्या प्रौढांच्या मेंदूचित्रणात उजव्या हाताने लिहितानाही डावरेपणाच्या खुणा टिकून असल्याचे दिसले आहे. सक्तीने तोतरेपणा येतो, हे जुने मत मात्र पुराव्याने पक्के झालेले नाही. प्रसादाला उजवा हात पुढे करायला शिकवल्याने काही बिघडत नाही. तास न् तास चालणारे बारीक काम मुलाच्या हातावर सोडावे. आणि कात्री डाव्या हाताचीच आणावी. साध्या कात्रीत डाव्या हाताचा दाब पाती एकमेकींपासून लांब ढकलतो, कागद कापण्याऐवजी मधे दुमडतो आणि कापायची रेघही पात्याआड जाते. कात्री उलटी धरून उपयोग होत नाही. कशीही फिरवली तरी कोणते पाते कोणत्या बाजूने वर चढते ते बदलत नाही.