वरचे अन्न : तान्ह्या बाळाला सुरू करण्याची वेळ

आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला दुधाव्यतिरिक्त जे मऊ, निमघट्ट वा घट्ट पदार्थ दिले जातात, त्यांना मराठी घरांत वरचे अन्न किंवा वरचे खाणे म्हणतात. वैद्यकात आणि सरकारी कार्यक्रमांत त्यालाच पूरक आहार म्हणतात. हे अन्न सुरू करण्यासाठी सहा महिने, म्हणजे १८० दिवस, पूर्ण होणे ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली असून भारत सरकारचे धोरणही तेच आहे. घराघरांत मात्र हा निर्णय तारखेवरून कमी आणि बाळाच्या रडण्यावरून अधिक घेतला जातो. तीन-चार महिन्यांचे बाळ दर तासाला दूध मागू लागले, रात्री पुन्हा उठू लागले किंवा मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून पाहू लागले, की “याचे आता नुसत्या दुधावर भागत नाही” असे घरातले कोणीतरी म्हणतेच. वास्तविक भूक लागणे आणि अन्न पेलण्याची तयारी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

भुकेचा अर्थ

पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत निव्वळ स्तनपान करणारे बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. या काळात बाळाचे वजन वाढत असले तरी वाढीचा वेग मंदावत जातो, त्यामुळे दुधाची गरज सहसा वजनाच्या पटीत वाढत नाही. एका बाळाचे पाचशे मिलिलिटरच्या आसपास भागते, तर दुसरे हजाराहून अधिक पिते. दोन्ही बाळे निरोगी असू शकतात. दूध किती तयार होते ते मुख्यतः किती प्यायले जाते यावर अवलंबून असल्याने, मधूनच दोन-चार दिवस सतत छातीशी राहणे हा पुढच्या काळासाठी दूध वाढवून घेण्याचा बाळाचा नैसर्गिक मार्ग असतो. संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने दूध मागणे हेही अनेक बाळांत आढळते. चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची रचना बदलते, बाळ हलक्या झोपेतून वारंवार जागे होते, आणि दिवसा आजूबाजूला पाहण्याच्या नादात अर्धवट दूध पिऊन रात्री त्याची भरपाई करते. मुठी चोखणे, लाळ गळणे आणि हाताला येईल ते तोंडात घालणे ही तर त्या वयाची सामान्य लक्षणे आहेत. यांपैकी एकही गोष्ट भात-वरणाची मागणी नव्हे.

दूध पुरते की नाही हे ओळखण्यासाठी रडण्यापेक्षा विश्वासार्ह खुणा आहेत. वरचे पाणी न पिणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल, जागे असताना तरतरीत असेल आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीच्या आलेखात त्याची रेषा आपल्या मार्गाने वर जात असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. जन्मवजन साधारणपणे पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते. रेषा आडवी झाली किंवा खाली झुकली, तर प्रश्न खरा असतो. पण तेव्हाही आधी बाळ स्तन नीट तोंडात धरते का, रात्रीचे पाजणे बंद झाले आहे का, चोखणी किंवा बाटली मध्ये आली आहे का, एखादा संसर्ग आहे का, हे तपासावे लागते. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या खुंटलेल्या वाढीवर पेज हा उपाय नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६५ ते ७० किलोकॅलरी ऊर्जा असते. तान्ह्या बाळाला गिळता येईल इतकी पातळ केलेली भाताची पेज किंवा वरणाचे पाणी यांत त्याहून बरीच कमी ऊर्जा असते आणि स्निग्धांश तर जवळजवळ नसतो. बाळाचे पोट लहान असल्यामुळे असे पातळ अन्न दुधाची जागा घेते, दुधात भर घालत नाही. होंडुरासमध्ये झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार महिन्यांच्या काही बाळांना स्वच्छ, तयार पूरक अन्न देण्यात आले, तर इतरांना सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपानावर ठेवण्यात आले. अन्न मिळालेल्या बाळांनी तितके दूध कमी प्यायले आणि वाढीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. तिथे दिलेले अन्न दर्जेदार आणि निर्जंतुक होते हे लक्षात घेतले, तर सामान्य घरातल्या पेजेची तुलना दुधाशी कशी होईल हे सांगायला नको.

“रात्री थोडे भरवले की बाळ झोपते” या समजुतीचीही तपासणी झाली आहे. इंग्लंड आणि वेल्समधील १,३०३ बाळांवरच्या एका चाचणीत तीन महिन्यांपासून अन्न सुरू केलेल्या बाळांची रात्रीची झोप, फरक सर्वांत जास्त असताना म्हणजे सहा महिन्यांच्या वयात, सरासरीने सुमारे १७ मिनिटांनी अधिक असल्याचे २०१८ मध्ये नोंदवले गेले. फरक आहे, पण तेवढाच. आणि ज्या घरात पिण्याचे पाणी उकळून घ्यावे लागते तिथे त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. बेलारूसमधील मोठ्या अभ्यासात, सहा महिने निव्वळ स्तनपान मिळालेल्या बाळांना तीन महिन्यांनंतर इतर अन्न मिळू लागलेल्या बाळांपेक्षा पोटाचे संसर्ग कमी झाले. बाळगुटी, साखरपाणी आणि मधाचे बोट हेही या दृष्टीने वरचेच पदार्थ ठरतात. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून एक वर्षाच्या आत तो मुळीच देत नाहीत.

शरीराची तयारी

अन्न पेलण्याची क्षमता स्नायू, मज्जासंस्था आणि पचनसंस्था या तिन्ही बाजूंनी येते, आणि बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांत या तिन्ही बाजू सहाव्या महिन्याच्या आसपास जुळून येतात. पहिली खूण मानेची असते: बाळ थोड्या आधाराने ताठ बसते आणि डोके न लुडकता स्थिर धरते. लुडकणाऱ्या मानेने गिळणे धोक्याचे असते, कारण घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. दुसरी खूण जिभेची. जन्मतः बाळाची जीभ ओठांना लागलेली घट्ट वस्तू बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओसरते. चमच्याने दिलेला मऊ घास पुन्हापुन्हा हनुवटीवर येत असेल, तर बाळाला चव आवडली नाही असे नसून जीभ अजून घास मागे नेण्याचे काम शिकलेली नसते. अशा वेळी काही दिवस थांबून पुन्हा पाहावे, चमचा आणखी आत सरकवू नये. तिसरी खूण डोळे, हात आणि तोंड यांच्या मेळाची: बाळ वस्तू पाहते, उचलते आणि नेमकी तोंडात नेते. या तिन्ही खुणा एकत्र दिसाव्या लागतात.

पचनाच्या बाजूने पाहता, पिष्टमय पदार्थ पचवणारे स्वादुपिंडातील अमायलेज हे विकर पहिल्या काही महिन्यांत फार थोडे असते आणि मूत्रपिंडांनाही मीठ बाहेर टाकण्याचे काम अद्याप जड जाते. दात येण्याचा मात्र या तयारीशी संबंध नाही. काही बाळांना चौथ्या महिन्यात दात येतो, काहींना वर्षाच्या सुमारास. हिरड्यांनी मऊ अन्न सहज कुस्करता येते. बाळ अंगाने भरलेले किंवा वजनाने मोठे असणे हीही तयारीची खूण नव्हे, जरी आज्यांच्या मते ती सर्वांत मोठी खूण असते.

वयाची मर्यादा कशी ठरली

२००१ पूर्वी “चार ते सहा महिने” असा सैल सल्ला जगभर दिला जात असे. त्या वर्षी उपलब्ध संशोधनाच्या आढाव्यानंतर जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. भारतात १९९२ च्या, दुधाचे पर्याय, बाटल्या व शिशुअन्न यांचे नियमन करणाऱ्या कायद्यात शिशुअन्नाचे वय चार महिन्यांनंतरचे धरले होते. २००३ च्या दुरुस्तीने ते सहा महिन्यांनंतरचे करण्यात आले. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये मांडलेली चौकट थोडी लवचीक आहे: १७ आठवड्यांच्या आत नको आणि २६ आठवड्यांच्या पुढे ढकलू नये. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ लवकर दिल्यास पुढे त्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण खूप घटते, हे २०१५ मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखवले. अशा बाळांबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. इतरांसाठी त्यावरून घाई करण्याचे कारण उरत नाही.

परंपरेतही सहाव्या महिन्याचाच उल्लेख आहे. आश्वलायन गृह्यसूत्र आणि अष्टांगहृदय अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगतात, तर काश्यपसंहितेत आधी फळे आणि नंतर धान्य असा क्रम आहे. महाराष्ट्रात या संस्काराला उष्टावण म्हणतात. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर भरवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे, आणि मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात करतात. यात मोजणीचा एक घोळ होतो. सहावा महिना लागणे म्हणजे पाच महिने पूर्ण होणे. वैद्यकीय मर्यादा मात्र सहा पूर्ण झाल्यावरची आहे, आणि मुलीचे उष्टावण पाचव्यात उरकले तर हे अंतर आणखी वाढते. समारंभातला चाटवलेला एक घास विशेष बाधत नाही. मात्र त्या दिवसापासून रोजचे खाणे सुरू करणे, किंवा उलट मुहूर्त आठव्या महिन्यात निघाला म्हणून तोवर बाळाला नुसत्या दुधावर ठेवणे, या दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत.

विशेष परिस्थिती

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेवरून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४०३ बाळांवर भारतातील तीन सरकारी रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा सुधारित वयाचे चार महिने झाल्यावर अन्न सुरू केल्याने एक वर्षाच्या वजनात फायदा दिसला नाही. उलट रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. नाजूक बाळाला “अंगी लागावे” म्हणून लवकर भरवण्याच्या प्रवृत्तीला हे चांगले उत्तर आहे. अशा बाळांना लोहाचे थेंब मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने अन्नाच्या बरेच आधीपासून द्यावे लागतात.

कामावर जाणाऱ्या आईचा प्रश्न ज्ञानाचा नसून वेळेचा असतो. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची, म्हणजे नेमकी सहा महिन्यांची झाली, पण ऊसतोड, शेतमजुरी किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? तिच्या बाळाला चौथ्या महिन्यातच पेज मिळते, कारण दिवसभर ते आजीकडे किंवा थोरल्या भावंडाकडे असते. पिळून ठेवलेले दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात साध्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये २४ तास टिकते. ते वाटी-चमच्याने पाजता येते. ही सोय माहीत असूनही कडक उन्हाळ्यात, उसाच्या फडावरच्या कोपीत ती सांभाळणे अवघड जाते, आणि हे सल्ला देणाऱ्याने ध्यानात ठेवणे बरे.

उशीर

घाईची चर्चा जितकी होते तितकी उशिराची होत नाही, आणि भारतात उशीर हाच अधिक मोठा दोष आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळत होते, परंतु सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ४५.९ टक्के बाळांना दुधासोबत घट्ट वा निमघट्ट अन्न मिळत होते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात आणि दुधातून साधारण ४०० मिळतात. उरलेल्या २०० अन्नातून यायला हव्यात. पूर्ण दिवसांच्या बाळाने जन्मतः आणलेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो. या टप्प्यावर बाळ भुकेची तक्रार करीलच असे नाही, म्हणून इथे रडण्याची वाट न पाहता तारीख पाळावी लागते. आशा कार्यकर्तीच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील गृहभेटी आणि सहा महिन्यांपासून अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार यांची आखणी यासाठीच आहे.

पहिले घास

सुरुवात दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांनी करतात आणि स्तनपान चालूच ठेवतात. भाजलेले तांदूळ व मुगाची डाळ भरडून केलेले खिमट, नाचणीच्या सत्त्वाची लापशी, तूप घालून कुस्करलेला वरण-भात, पिकलेले केळे, उकडून मऊ केलेला भोपळा हे पदार्थ मराठी घरांत पूर्वापार आहेत आणि उत्तम आहेत. त्यांत शिजवलेले अंडे, मासे किंवा मांस बारीक करून घातल्यास लोहाची उणीवही भरून निघते. अन्न चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतके दाट असावे. वरणाच्या वरचे पाणी काढून बाळाला देणे आणि खालची डाळ मोठ्यांनी खाणे ही सर्वत्र दिसणारी उलटी पद्धत आहे. मीठ-साखर पहिल्या वर्षी टाळतात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे घशात अडकू शकतात, म्हणून शेंगदाणा द्यायचा तर बारीक कूट करून, पदार्थात पातळ कालवून देतात. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळीदार अन्नाची सवय लागली नाही, तर पुढे मुले चावून खाण्यास कुरकुरतात. त्यामुळे सगळे मिक्सरमधून काढण्याची सोय फार काळ चालू ठेवू नये.

घासागणिक थोडे ओकारल्यासारखे करणे सुरुवातीला स्वाभाविक असते. आवाज न निघता चेहरा निळसर पडणे ही घास अडकल्याची खूण असून त्यावर तत्काळ उपाय लागतो. सहा महिने पूर्ण होऊनही बाळाने तोंड फिरवले, तर बळजबरी न करता तोच पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्यावा. अनेक बाळे आठ-दहा प्रयत्नांनंतर नवी चव स्वीकारतात. सात महिने उलटूनही मान सावरत नसेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडून गिळण्याची आणि स्नायूंची तपासणी करून घ्यावी लागते.