शालेय अभिलेख आणि माहितीचा अधिकार (महाराष्ट्र)

जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका किंवा अनुदानित संस्था यांच्या शाळांतील नोंदवह्या, हिशेब, आदेश आणि पत्रव्यवहार पाहण्याचा व त्यांच्या प्रती मिळवण्याचा नागरिकांचा हक्क. हा हक्क मुख्यतः माहितीचा अधिकार अधिनियम 2005 वर उभा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 (आरटीई) आणि राज्य शासनाचे निर्णय यांनी त्याला बळ दिले. अर्ज करणारे बहुतेक पालक, माजी विद्यार्थी, शिक्षक आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते असतात.

महाराष्ट्रात हा विषय केंद्रीय कायद्याच्या आधीपासूनचा आहे. राज्याने 2000 साली माहितीच्या अधिकाराचा एक कायदा केला. तो तोकडा पडल्याने आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने त्याच्या जागी 2002 चा अधिक सक्षम कायदा आला. गोव्याचा कायदा त्याही आधीचा, 1997 चा. केंद्रीय अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अंमलात आला आणि राज्याचा कायदा रद्द झाला. आज दोन्ही राज्यांत केंद्रीय कायदाच चालतो. शुल्क आणि अर्जाचे नमुने मात्र ज्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे असतात.

अर्ज कोणाकडे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा कागद शाळेत, केंद्रप्रमुखाकडे, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयात असू शकतो. हजेरी आणि आहाराच्या वह्या शाळेत असतात. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या आणि मंजूर पदांचे आदेश वरच्या कार्यालयांत सापडतात. माध्यमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) असतो, तर मुंबईत हे काम विभागवार शिक्षण निरीक्षक पाहतात. गोव्यात जिल्हा परिषदा शाळा चालवत नाहीत. तिथे शिक्षण संचालनालय आणि त्याखालची भागशिक्षणाधिकारी कार्यालये हा मार्ग आहे.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला म्हणून तो फेटाळता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्याने (अर्ज घेऊन माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवायचे असते. ‘ही माहिती आमच्याकडे नाही, तिकडे अर्ज करा’ एवढे एका ओळीचे उत्तर त्यामुळे कायद्याला धरून नाही.

अनुदानित खासगी शाळांबाबत बराच काळ वाद चालला. शासनाकडून मोठ्या प्रमाणात निधी मिळणारी बिगरसरकारी संस्थाही ‘सार्वजनिक प्राधिकरण’, म्हणजे हा कायदा लागू असलेली संस्था, ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले. ज्या शाळेतील शिक्षकांचे पगार शासन देते तिला आपल्या दफ्तराला कुलूप लावून बसता येत नाही. विनाअनुदानित शाळेकडे थेट अर्ज सहसा चालत नाही. पण कलम 2(च) नुसार, जी माहिती सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून मागवू शकते तीही ‘माहिती’च आहे. म्हणून आरटीई मान्यता प्रमाणपत्र, 25 टक्के राखीव जागांवरील प्रवेशांची संख्या, तपासणी अहवाल किंवा शुल्कनिश्चितीचे कागद शिक्षणाधिकाऱ्याकडे मागता येतात. पालकांना ही वाट फार कमी माहीत आहे, आणि भरमसाट शुल्काच्या तक्रारींत तिचाच सर्वाधिक उपयोग होतो.

शाळेचे दफ्तर

माहिती अधिकारात कागदाचे नाव माहीत असणे हे अर्धे काम आहे. शाळेचे कामकाज नोंदवह्यांवर चालते आणि प्रत्येक वहीला ठरलेले नाव आहे.

सर्वांत जुनी आणि मोलाची वही म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजेच प्रवेश-निर्गम नोंदवही. विद्यार्थ्याचा अनुक्रमांक, पूर्ण नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा असे तिचे रकाने असतात. ती कायमस्वरूपी जपायची असते, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीही अनेक गावांत मिळतात. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी हा उतारा महत्त्वाचा पुरावा ठरतो. ठरावीक तारखेपूर्वीचे वास्तव्य व जात दाखवावी लागते: अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 1967. 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची ही जुनी रजिस्टरेही राज्यभर उघडली गेली. काही नोंदी मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा मुख्याध्यापकाकडे साध्या अर्जावरही मिळायला हवा. तो मिळेना, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

दुसरी महत्त्वाची वही हजेरीची. पटसंख्येवर संचमान्यता (शाळेच्या शिक्षकपदांची शासकीय मंजुरी) होते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात आणि अनुदानही पटाशी जोडलेले आहे. त्यामुळे फुगवलेला पट हा पैशांचा प्रश्न बनतो. नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी केलेल्या पडताळणीनंतर राज्याने 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सर्व शाळांची पटपडताळणी केली, आणि कागदावरचे कितीतरी विद्यार्थी वर्गात सापडले नाहीत.

शालेय पोषण आहाराच्या नोंदी जवळून पाहिल्या की हजेरीची वही किती बोलकी आहे ते कळते. योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. समजा, एका प्राथमिक शाळेचा पट 62 आहे आणि एखाद्या दिवशी हजेरीपटावर 48 मुले हजर दिसतात. त्या दिवशी 4 किलो 800 ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. आहाराच्या दैनंदिन नोंदवहीत लाभार्थी 62 आणि तांदूळ 6 किलो 200 ग्रॅम असेल, तर 1 किलो 400 ग्रॅमचा हिशेब लागत नाही. असा एकच दिवस असेल तर ती चूक असू शकते. महिनाभर हाच आकडा येत राहिला तर चौकशी मागायला भक्कम आधार मिळतो. म्हणून हजेरीपट, आहाराची दैनंदिन नोंदवही, साठा नोंदवही आणि चव नोंदवही या चारही वह्यांची एकाच महिन्याची पाने मागावीत. एकच वही मागितली तर तुलनाच करता येत नाही.

याशिवाय कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावत्यांची फाइल, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), अधिकाऱ्यांच्या भेटींचे शेरेबुक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त हे मागण्याजोगे कागद आहेत. आरटीईच्या कलम 21 प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचे कामच आहे. समितीवरच्या पालकाला कीर्द पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागणे, हे समिती कागदावरच असल्याचे लक्षण आहे.

अर्जाची रीत

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. राज्याने 2012 मध्ये नियम बदलल्यापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. कलम 6(2) अधिकाऱ्याला ते विचारूच देत नाही. ‘तुमचा मुलगा तर या शाळेत नाही, मग कशाला हवंय?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. त्याला उत्तर देण्याचे बंधन नाही.

अर्जाच्या भाषेवर बरेच काही ठरते. ‘आहार निकृष्ट का दिला जातो?’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते, आणि ते कायद्याला धरूनच असते. कार्यालयाकडे जे अभिलेख आहेत तेच द्यायचे, नवी माहिती तयार करून किंवा मते बनवून द्यायची नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सांगितले. (तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थ्याला पाहता येते, हेही याच निकालाने ठरले.) तोच अर्ज ‘1 ते 31 जुलै या काळातील आहार दैनंदिन नोंदवहीच्या साक्षांकित प्रती’ असा लिहिला की टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

प्रतीसाठी पानाला 2 रुपये पडतात. कागद बरेच असतील तर आधी अवलोकन, म्हणजे कागद प्रत्यक्ष पाहणे, मागणे शहाणपणाचे. पहिला तास विनामूल्य असतो, पुढे दर पंधरा मिनिटांना 5 रुपये. पाहून हवी तेवढीच पाने निवडता येतात. नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात या वेळेचा उपयोग करून घ्यावा. अर्ज हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या मुदती त्या पोचेवरून मोजल्या जातात.

नकार आणि अपील

उत्तर 30 दिवसांत यायला हवे. मुदत उलटली तर कलम 7(6) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते.

नकाराचे सर्वांत मोठे कारण आता ‘वैयक्तिक माहिती’ हे आहे. दुसऱ्याच्या मुलाचे गुण, जात, आजारपण किंवा पत्ता गुप्त राहणे योग्यच आहे, आणि अर्जदारांनीही ते मागू नये. हजेरीपटावरील नावे झाकून उरलेला भाग देण्याची सोय कलम 10 मध्ये आहे. शिक्षकांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे. कर्मचाऱ्याचा सेवा अभिलेख आणि शिस्तभंगाचे कागद ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात मानले. तरी व्यापक जनहित असेल तर ती देण्याची वाट कलम 8(1)(ञ) मध्येच होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 ने हे कलमच आखडले, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. आता त्या कलमात जनहिताचा उल्लेख उरलेला नाही. बनावट पदवीवर लागलेल्या शिक्षकाचे प्रमाणपत्र मागणाऱ्याला यापुढे कलम 8(2) वर भिस्त ठेवावी लागेल. जपण्याच्या हितापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते कलम म्हणते. शाळांच्या बाबतीत हा बदल घातकच आहे, कारण भरतीतील गैरव्यवहार उघड होतात ते अशाच कागदांतून.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. अभिलेख गहाळ होणे हा कायद्यातील अपवाद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितल्याप्रमाणे अशा वेळी कसून शोध घ्यायला आणि जबाबदारी निश्चित करायला लावता येते. ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून कलम 7(9) दाखवले जाते. ते कलम माहिती देण्याचे स्वरूप बदलू देते, नकार देऊ देत नाही. प्रतींऐवजी अवलोकन द्यावे लागते.

पहिले अपील त्याच यंत्रणेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत करायचे असते, त्यावर 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि निकाल 30, फार तर 45 दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो आणि तो त्याच्या स्वतःच्या पगारातून जातो. आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असल्याने सुनावणीला फार उशीर लागतो. तोवर मूल पुढच्या शाळेत गेलेले असते. म्हणून अनुभवी अर्जदार पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच जोर लावतात: मागितलेल्या प्रत्येक वहीचे नाव, काळ आणि ती ठेवणे बंधनकारक करणारा नियम किंवा शासन निर्णय लेखी मांडतात आणि अपिलीय अधिकाऱ्याने प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र आदेश द्यावा अशी मागणी नोंदवून घेतात.