पडदा नसलेला कॅमेरा : शटरच्या वादाची पार्श्वभूमी

निकॉनचा झेड ९ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला. ४५.७ मेगापिक्सेल, वेगवान फोकस, ८के व्हिडिओ असं बरंच काही त्यात होतं, पण व्यावसायिक फोटोग्राफर अडून बसले ते एकाच गोष्टीवर. या कॅमेऱ्यात यांत्रिक शटर, म्हणजे सेन्सरसमोर सरकून त्यावर प्रकाश किती वेळ पडेल ते ठरवणारा पडदा, नव्हतं. बिघडलं तर बदलून मिळेल असं नव्हे, मुळात बसवलेलंच नव्हतं. क्रीडा आणि वृत्तछायाचित्रणासाठीच्या सर्वात महागड्या बॉडीतून जवळपास शतकभर चालत आलेला पडदा काढून टाकणं अनेकांना उद्धटपणा वाटला. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. त्यात दोन्ही बाजू जी गृहीतकं धरून बोलतात त्यातली निम्मी चुकीची आहेत, म्हणून थोडं मागे जायला हवं.

पहिलं गृहीतक असं की यांत्रिक शटर सगळा फोटो एका क्षणी टिपतं आणि इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्याऐवजी सेन्सरच वेळ मोजतो ते) ओळीओळीने. खरं म्हणजे फोकल प्लेन शटरही, म्हणजे फिल्म किंवा सेन्सरच्या अगदी पुढे बसणारं यांत्रिक शटरही, ओळीओळीनेच टिपतं. पहिला पडदा सरकून फ्रेम उघडतो, दुसरा मागून येऊन ती झाकतो. वेग वाढवला की पडदे जास्त जोरात पळत नाहीत, दोघांमधलं अंतर कमी होतं. २४ मिलिमीटर उंचीची फ्रेम पार करायला पडद्याला ३ मिलिसेकंद लागत असतील, तर १/८००० ला प्रत्यक्षात फक्त १ मिलिमीटरची फट फ्रेमवरून सरकते. प्रत्येक ओळीला प्रकाश १/८००० सेकंदच मिळतो, पण वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात तीन मिलिसेकंदांचा फरक राहतोच. फ्रेम पार व्हायला लागणारा हा वेळ, एवढा एकच आकडा या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा आहे. फ्लॅश सिंक (सगळी फ्रेम एकदम उघडी राहून फ्लॅश चालतो असा सर्वात जास्त वेग), वाकडी चाकं, एलईडीचे पट्टे सगळे त्यातूनच निघतात.

जुन्या काळात हा आकडा फार मोठा होता. शर्यतीच्या मोटारीचं लंबगोल होऊन पुढे झुकलेलं चाक आणि उलट बाजूला कललेले प्रेक्षक असा १९१२-१३ च्या सुमाराचा एक फ्रेंच फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. काचेच्या प्लेटवरून फट सावकाश सरकत होती, मोटार पुढे जात होती आणि कॅमेराही तिच्यामागे फिरवला जात होता, त्याचा तो परिणाम. ज्याला आज ‘रोलिंग शटर’चा दोष म्हणून नाक मुरडलं जातं, तोच हा.

३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांत रबर चढवलेल्या कापडाचे आडवे पडदे आले. त्यांना ३६ मिलिमीटर अंतर कापावं लागे, त्यामुळे फ्लॅश साधारण १/६० च्या पुढे चालत नसे. १९७६ चा पेंटॅक्स के१००० याच जातीचा, कमाल वेग १/१०००, सिंक १/६०. कापडी शटरचे आजार ठरलेले असत. लेन्समधून आलेल्या उन्हाने कापडाला बारीक भोक पडणं, स्प्रिंग सैल झाल्यावर दुसऱ्या पडद्याने पहिल्याला वाटेत गाठणं आणि मग १/१००० ला फ्रेमची एक बाजू काळी येणं. आज जुना कॅमेरा विकत घेताना मागचं झाकण उघडून, पांढऱ्या भिंतीसमोर धरून, सर्वात वरच्या वेगावर आठ-दहा वेळा सोडून पाहावा. चकाकी एका बाजूला कमी दिसली तर स्प्रिंग गेली आहे.

१९६० च्या दशकात उभे, वरून खाली सरकणारे धातूचे शटर रुळले. अंतर ३६ वरून २४ मिलिमीटरवर आलं आणि सिंक थेट १/१२५ झाला. पुढची मोठी झेप १९८२-८३ ची. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी कोरून हलकी केलेली टायटॅनियमची पाती, १/४००० चा वेग, आणि सिंक आधी निकॉनच्या एफएम२ मध्ये १/२००, मग एफई२ मध्ये १/२५०. त्यानंतर चाळीस वर्षं हा १/२५० चा आकडा जवळपास तिथेच आहे. १९९२ मध्ये मिनोल्टाने ९एक्सआय मध्ये १/१२००० पर्यंत मजल मारली, पण सिंक १/३०० वरच थांबला. पातं आणखी वेगाने पळवायचं तर ते थांबवायचंही तितक्याच जोरात, आणि थांबवणारा रबरी अडसर हाच सगळ्यात आधी जातो. कॅनन टी९० (१९८६) चा कुप्रसिद्ध ‘ईईई’ संदेश बहुतेक वेळा यामुळेच येतो. रबर वितळून चिकट होतं, पाती त्याला चिकटतात आणि कॅमेरा हात वर करतो.

लेन्सच्या आत बसणाऱ्या लीफ शटरची ही अडचण नव्हती. ते मधून उघडतं आणि पूर्ण फ्रेमला एकाच वेळी प्रकाश मिळतो, म्हणून कोणत्याही वेगाला फ्लॅश चालतो. पण प्रत्येक लेन्समध्ये वेगळं शटर घालावं लागतं, त्यामुळे ते मुख्यतः मिडियम फॉरमॅटपुरतं, म्हणजे ३५ मिलिमीटरहून मोठ्या फ्रेमच्या कॅमेऱ्यांपुरतं उरलं.

डिजिटल युगाच्या सुरुवातीची एक गंमत आता बहुतेक जण विसरले आहेत. २००४ च्या निकॉन डी७० चा सिंक १/५०० होता. त्या किमतीच्या बॉडीला हा आकडा आजही मिळत नाही. कारण त्यातला सीसीडी सेन्सर. त्याच्या प्रत्येक पिक्सेलशेजारी झाकलेली जागा होती आणि सगळ्या पिक्सेलमधला विद्युतभार एकाच क्षणी त्या झाकलेल्या जागेत ढकलला जाई. म्हणजे यांत्रिक पडदा नुसता उघडा राहायचा, खरी वेळ सेन्सर मोजायचा. वापरणाऱ्यांनी यापुढची युक्ती शोधली. हॉटशूवरच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेतल्या) फ्लॅशच्या मधल्या टोकाखेरीज बाकी सगळ्या टोकांना चिकटपट्टी लावायची. मग वर फ्लॅश आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो १/५०० ची अट घालत नाही, आणि मॅन्युअल फ्लॅश त्याच्याही कितीतरी वर चालतो. भर दुपारी आकाश गडद करून चेहरा उजळायचा तर याहून स्वस्त उपाय नव्हता. दोष एवढाच की फ्रेममध्ये थेट सूर्य असला तर त्यातून उभी पांढरी रेघ उमटे, कारण झाकलेल्या जागेतही थोडा प्रकाश गळत असे. २००६ च्या डी८० मध्ये सिंक पुन्हा १/२०० वर आला. मग सीमॉस सेन्सरांनी बाजार व्यापला आणि ही सोय जवळजवळ सतरा वर्षं गायब झाली.

सीमॉस एकेक ओळ वाचतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ४००० ओळी असतात. २०१८ च्या सुमाराचे चांगले फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढे) सेन्सरही त्या सगळ्या वाचायला १/१५ सेकंदाच्या आसपास, म्हणजे ६५ मिलिसेकंद घेत. फलंदाजाच्या बॅटचं टोक सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरतंय असं धरलं, तर तेवढ्या वेळात ते जवळपास दोन मीटर जातं. फोटोत बॅट केळ्यासारखी वाकडी का येते ते यातून कळेल. ‘सायलेंट शटर’ या नावाखाली ही सोय विकली गेली आणि इलेक्ट्रॉनिक शटरची बदनामी झाली ती या पिढीमुळे.

मधला मार्ग म्हणून इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा आला. सुरुवात सेन्सर करतो, शेवट धातूचं पातं. यामुळे पहिल्या पात्याचा धक्का टळतो. २०१३ च्या सोनी ए७आर मध्ये ही सोय नव्हती, आणि टेलिफोटो लेन्सवर १/६० ते १/१६० च्या दरम्यान फोटो हललेले येत, ट्रायपॉडवरसुद्धा. पण या मार्गालाही खोट आहे. यांत्रिक पातं सेन्सरच्या काही मिलिमीटर पुढे असतं. १/२००० च्या वर, एफ १.४ सारख्या लेन्सच्या मोठ्या उघड्या छिद्राला, अस्पष्ट पार्श्वभूमीतले प्रकाशाचे गोळे एका कडेने कापल्यासारखे दिसतात. म्हणून उन्हात पोर्ट्रेट काढताना ही सोय बंद करून पूर्ण यांत्रिक शटर लावायचं. काही स्वस्त बॉडींत पूर्ण यांत्रिक पर्यायच नसतो, खरेदीआधी ते बघून घ्यावं.

खरा बदल २०१७ च्या सोनी ए९ ने केला. सेन्सरच्या मागे मेमरीचा थर जोडला आणि वाचनाचा वेळ १/१६० सेकंदाच्या आसपास आला. २०२१ च्या ए१ मध्ये तो १/२५० च्या जवळ गेला. झेड ९ चा वेळ सुमारे ३.७ मिलिसेकंद, म्हणजे १/२७०. आता हा आकडा यांत्रिक पडद्याच्या वर आलेल्या ३ मिलिसेकंदांच्या आकड्याशेजारी ठेवा. दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. निकॉनने पडदा काढला त्यामागचा हिशोब एवढाच होता.

विरोधकांचे मुद्दे मात्र पोकळ नव्हते. ए१ मध्ये यांत्रिक शटर ठेवल्यामुळे फ्लॅश १/४०० पर्यंत चालत होता. झेड ९ मध्ये १/२००, ओढूनताणून १/२५०, आणि तिथेही फ्लॅशची ताकद घटते. बाहेर उन्हात फ्लॅश वापरणाऱ्याचं हे सरळ नुकसान आहे. दुसरा मुद्दा धुळीचा. कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरसमोर झाकण येतं, पण लग्नात दोन मिनिटांत लेन्स बदलणारा कॅमेरा बंद करायला थांबतोच असं नाही. तिसरा मुद्दा आवाजाचा, आणि तो चेष्टेवारी नेऊ नये. वराच्या आईला फोटो कधी काढला हे कळत नाही, म्हणून ती हसू आणते तोवर फोटो काढून झालेला असतो. कॅमेऱ्यात कृत्रिम ‘खट्’ आवाज आहे, त्याची पातळीही कमीजास्त करता येते. हॉलमध्ये तो चालू ठेवणं शहाणपणाचं.

दुसऱ्या पारड्यातलं वजन मोठं आहे. व्यावसायिक शटरचं चाचणीतलं आयुष्य चार-पाच लाख क्लिकचं, मधल्या बॉडींचं दीड-दोन लाखांचं. सेकंदाला २० फोटो काढणारा माणूस ते एका-दोन हंगामांत संपवतो. जुन्या बॉडीच्या बाजारात ‘शटर काउंट किती?’ हा पहिला प्रश्न असतो. झेड ९ आणि २०२३ च्या झेड ८ ला तो विचारण्यात अर्थ उरला नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या एलईडीच्या पट्ट्यांच्या, आणि त्यात पडद्याला उगाच निर्दोष ठरवलं जातं. हिशोब सोपा आहे. पट्ट्यांची संख्या म्हणजे फ्रेम पार व्हायचा वेळ गुणिले दिव्याची लुकलुक. आपल्याकडे ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/१५ सेकंदाच्या सेन्सरवर सहा-सात पट्टे दिसतील. ३.७ मिलिसेकंदाच्या सेन्सरवर एक पट्टाही पुरा होत नाही, फक्त वरखाली उजेडाचा उतार दिसतो. यांत्रिक शटरवरही अगदी तेच होतं. पण स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा रिफ्रेश (चित्र ताजं होण्याचा वेग) ३८४० हर्ट्‌झ असेल, तर झेड ९ वर १४ पट्टे येतील, आणि ३ मिलिसेकंदाच्या धातूच्या पडद्यावर ११-१२. फरक आहे, पण वाद घालण्याइतका नाही. साध्या दिव्यांवर उपाय दोन्हीकडे एकच : वेग १/१०० किंवा १/५० ठेवायचा. १/१२५ म्हणजे ८ मिलिसेकंद, त्यात १० मिलिसेकंदांचं पूर्ण आवर्तन बसत नाही, म्हणून तिथेही हलके पट्टे येतात. झेड ९ च्या नंतरच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगाचे बारीक टप्पे मिळाले. ते वापरताना एलईडी भिंतीकडे कॅमेरा रोखून स्क्रीनवर पट्टे पुसट होईपर्यंत चाक फिरवायचं.

आपल्या कॅमेऱ्याचा वेळ घरी मोजता येतो. स्पष्ट लुकलुकणारा स्वस्त एलईडी बल्ब घ्यायचा, पांढऱ्या भिंतीवर फक्त त्याचा उजेड पाडायचा, फोकस मुद्दाम बिघडवायचा, इलेक्ट्रॉनिक शटर १/२००० ला ठेवून फोटो काढायचा. पट्टे मोजून १०० ने भागले की उत्तर सेकंदांत मिळतं. साडेसहा पट्टे म्हणजे ०.०६५ सेकंद. वेगवान सेन्सरवर पट्टाच पुरा होत नसल्याने ही पद्धत तिथे चालत नाही.

खरी चूक झाली ती झेड ९ मध्ये नव्हे, त्याचं नाव पुढे करून केलेल्या नकलेत. वेगवान सेन्सर न देता पडदा तेवढा काढायचा, ही खर्चकपात आहे. झेड ९ च्याही आधी, २०१९ च्या सिग्मा एफपी मध्ये पडदा नव्हता आणि सिंक १/३० होता, पण तो उघडपणे सिनेमावाल्यांचा कॅमेरा होता. २०२४ च्या सोनी झेडव्ही-ई१० टू मध्येही सिंक १/३० च आहे, आणि तो घेणारे बरेच जण घरच्या समारंभात त्याला फ्लॅश लावायला जातात. मिरवणुकीतल्या लेझरने सेन्सरवर कायमची रेघ उमटण्याचा दोष मात्र पडदा नसण्याला देऊ नये. पडदा असलेल्या मिररलेसमध्येही (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमध्ये) तो फ्रेम बघताना उघडाच असतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री ने डी७० ची जुनी कल्पना फुल-फ्रेमवर परत आणली : सगळे पिक्सेल एकाच क्षणी. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलशेजारी पुन्हा झाकलेली जागा द्यावी लागली. पिक्सेलची साठवण घटली, म्हणून मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २५० पासून सुरू होतो आणि सावल्यांमधले तपशील वर काढण्याची गुंजाइश कमी झाली. फ्लॅश १/८०००० पर्यंत चालतो हे खरं, पण पूर्ण ताकदीवर स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचा) प्रकाश दोन-तीन मिलिसेकंद रेंगाळतो आणि १/८०००० म्हणजे फक्त १२.५ मायक्रोसेकंद. त्यातला तुकडाच सेन्सरपर्यंत पोहोचतो. ट्रिगरला थोडा उशीर झाला तर तोही हुकतो, म्हणून मेनूमध्ये फ्लॅश सुटण्याची वेळ मागेपुढे करायची सोय द्यावी लागली आहे. प्रत्येक फ्लॅशसाठी ती वेगळी जुळवावी लागते, तीही दर वेळी ताकद बदलली की.