दुर्मिळ नावं आणि योगायोगाचं गणित

रवळनाथ हे गोव्यातलं, विशेषतः पेडण्याकडचं, ग्रामदैवत. त्याच्यावरून ठेवलेली रवळू, रवळनाथ ही नावं आजोबांच्या पिढीत भेटतात, बालवाडीच्या हजेरीपटावर क्वचित. असं का झालं म्हणून विचारलं की उत्तरं तयार असतात: टीव्हीवरच्या मालिका, शहरी हवा, जुन्या नावाची लाज. त्यात तथ्य असेलही. पण दुर्मिळ नावाबाबत त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. कुणाची काहीच आवडनिवड नसती, तरी या नावाचं काय झालं असतं?

हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली तो आडनावांबद्दल जाहीरपणे विचारला. हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने तो सोडवायला घेतला आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध आला. वॉटसन यांच्या निष्कर्षात एक चूक राहिली. प्रत्येक आडनाव शेवटी बुडणारच, असं त्यांनी म्हटलं. खरा नियम असा: सरासरी वारस एक किंवा एकाहून कमी असले तर नाव नक्की बुडतं, एकाहून जास्त असले तर टिकण्याची काही शक्यता उरते. फ्रेंच गणितज्ञ बियेनेमे यांना तो १८४५ मध्येच सापडला होता, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. समजा एका गावात शंभर पुरुष आहेत आणि प्रत्येकाचं नाव वेगळं. प्रत्येकाचं नाव पुढच्या पिढीत सरासरी एकाच मुलाला मिळतं. सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला नेमका एक वारस, असं नव्हे. कुणाला दोन मिळतात, कुणाला तीन, कुणाला एकही नाही. ही वाटणी निव्वळ योगायोगाने होत असेल, तर एकही वारस नसण्याची शक्यता २.७१८ या संख्येच्या उणे एकाव्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ०.३७ येते. पहिल्याच फेरीत ३७ नावं गेली! पुढच्या फेरीसाठी असा विचार करा: नाव बुडायचं तर त्याच्या प्रत्येक वारसाची शाखा बुडायला हवी. म्हणून एकातून मागच्या फेरीची बुडण्याची शक्यता वजा करायची आणि २.७१८ चा जे उरेल तेवढा उणे घात घ्यायचा. १ वजा ०.३७ म्हणजे ०.६३, आणि २.७१८ चा उणे ०.६३ घात म्हणजे ०.५३. असंच पुढे गेलं की तिसऱ्या फेरीला ०.६३, चौथीला ०.६९ आणि पाचवीला ०.७३ येतं. पाच पिढ्यांत शंभरातली ७३ नावं गेली, आणि कुणी त्यांना नाकारलेलं नाही.

उरलेल्या २७ नावांकडेही नीट पाहा. गावात पुरुष अजून सरासरी शंभरच आहेत, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक नावाचे सरासरी पावणेचार धारक झाले. बाहेरून पाहणारा म्हणेल, ‘या नावात काहीतरी खास असणार, म्हणून ते वाढलं.’ खास काहीच नव्हतं. जी बुडाली ती मोजायला आता कुणी उरलं नाही, एवढंच.

गोव्यातली जुनी रीत यात घालून पाहू. अनेक घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून घरात त्याला बाब, बाबू असं काहीतरी म्हणतात आणि खरं नाव कागदावर राहतं. ख्रिस्ती घरांतही आजोबांचं कायतान किंवा जुवांव पुढे जातं, कधी दुसरं नाव म्हणून मागे लपून. ही रीत नाव जपते खरी, पण त्यासाठी नातू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.३ होता. त्यातले निम्मे मुलगे धरले तर सरासरी ०.६५ मुलगे आणि मुलग्यांकडून ०.४२ नातू. वरचंच ढोबळ गणित लावलं, तर दर चार आजोबांपैकी जवळजवळ तिघांना मुलाकडून नातूच नाही. घरोघरी रीत काटेकोर पाळली तरी एकाच घरात असलेलं नाव वाचवणं कठीण आहे. मुलीकडच्या नातवालाही ते नाव दिलं, तर सरासरी दुप्पट होऊन ०.८५ वर जाते. तरीही एकाच्या खालीच.

आवडनिवड नसतेच, असं माझं म्हणणं नाही. पण हान आणि बेंटली या संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकेतली विसाव्या शतकातली बाळांची नावं तपासली. काही नावं अफाट लोकप्रिय आणि असंख्य नावं अगदी विरळ, ही विभागणी ‘दुसऱ्याचं नाव उचला, अधूनमधून नवं काढा’ एवढ्या साध्या नियमातूनही निघते, असं त्यांना दिसलं. जनुकशास्त्रात याच प्रक्रियेला यादृच्छिक विचलन म्हणतात.

अंकशास्त्रवाल्यांचा धंदा मात्र याच्या उलट समजुतीवर चालतो: नावातच बळ असतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं की नशीब फिरतं. वाचलेल्या २७ नावांतून ‘बलवान’ नावं निवडून दाखवणं कुणालाही जमेल. बुडालेल्या ७३ नावांचे अंकही त्यांनी मांडून दाखवावेत.

दुर्मिळ नाव ‘परत आलं’ अशा बातम्याही जपून वाचाव्यात. वर्षाला सरासरी ९ मुलांना मिळणारं नाव एरवीही ६ ते १२ मध्ये सहज हेलकावे खातं, कारण चढउतार साधारण वर्गमुळाएवढा असतो. ९०० मुलांच्या नावात तोच चढउतार फक्त ३० चा. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची १८८० पासूनची यादी तर पाचाहून कमी बाळांचं नाव दाखवतच नाही. त्यामुळे ४ वरून ६ वर गेलेलं नाव शून्यातून उगवल्यासारखं वाटतं. अशा नावांसाठी एकेक वर्ष न पाहता दहा-दहा वर्षांची बेरीज घ्यावी.

गोव्यात हे तपासता येण्यासारखं आहे. जन्माची नागरी नोंदणी इथे पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे, आणि नाव बदलण्यासाठी १९९० पासून वेगळा कायदा आहे. कुणाचीही ओळख न देता, तालुकावार आणि दशकवार फक्त नावांची संख्या जाहीर झाली, तर पेडण्यातले रवळू योगायोगाच्या अंदाजापेक्षा लवकर कमी झाले का, हे पाहता येईल. झाले असतील, तरच मालिकांना दोष देऊ.